बाहीवरचा बिल्ला

आमच्या छावणीच्या गावातलं लष्कराचं मुख्यालय दुसरीकडे हलणार, अशी कुजबुज महिनाभर चालू आहे. खरं काय ते कुणी धड सांगत नाही, त्यामुळे कशातच लक्ष लागत नाही.

काल पँट आखूड करायला शिंपी मास्तरांकडे गेलो. ते एका जवानाच्या बाहीवर मुख्यालयाचा बिल्ला लावत होते. हा बिल्ला मास्तर नेहमी हाताने, कच्च्या टाक्यांनी लावतात. बदली झाली की तो उसवायचा असतो आणि कापडावर खूण राहता कामा नये. असे किती जवान आले नि गेले! आम्हाला त्याचं काही वाटलं नाही, कारण मुख्यालय जागच्या जागी असायचं. आता तेच जाणार म्हणतात. शेजारची खानावळ, समोरचं इस्त्रीचं दुकान, सगळं मला कच्च्या टाक्यावर उभं असल्यासारखं दिसतं.

मास्तरांनी काल मात्र बिल्ला थेट मशीनखाली धरला आणि चारही बाजूंनी दोन-दोनदा शिलाई मारली.

"अहो मास्तर, आता हा उसवायचा कसा?" जवान गोंधळून म्हणाला.

मास्तरांनी दाताने दोरा तोडला.

"उसवायला माझ्याकडे आणू नका."