उत्तर लगेच सुचलं, की

माझे यजमान मॅट्रिकला इंग्रजी व्याकरणात दोनदा नापास झाले होते. तिसऱ्या खेपेला त्यांनी जुन्या पेपरांतले फसवे इंग्रजी प्रश्न मराठी बालबोध अक्षरांत मला उतरवून दिले, उत्तरं मागच्या बाजूला लिहिली. कल्याणच्या घरी दुपारी तांदूळ निवडताना मी प्रश्न वाचायची आणि त्यांचं उत्तर ताडून बघायची. इंग्रजी मला ओ की ठो कळत नव्हतं, पण आठ दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. आढ्याकडे बघत दिलेलं उत्तर बरोबर निघे. "यात काय आहे," म्हणून दिलेलं हटकून चुके.

मी सुपातला खडा उचलून दाखवला. म्हटलं, "हा तांदळासारखाच दिसतो, म्हणून दाताखाली येतो. उत्तर लगेच सुचलं, की आधी थांबायचं."

"तुला यातलं काय कळतं?" असं इकडून म्हणणं झालं. मी पुढचा प्रश्न वाचला. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि आढ्याकडे पाहिलं.

त्या वर्षी ते पास झाले आणि ठाण्याच्या शाळेत मास्तर झाले. "उत्तर लगेच सुचलं, की आधी थांबायचं," हे वाक्य तिथल्या कितीतरी मुलांना आज पाठ आहे. मास्तरांचं वाक्य म्हणून.