पंधरा दिवस ज्वारीत

माझी आई जनकाबाई शाळेची पायरी कधी चढली नाही, तरी मी विज्ञानात जे काही केलं त्यात अर्धा वाटा तिचा आहे. उरलेला अर्धा तिच्या ज्वारीचा.

१९९८ साली मी नववीत होते. एका मासिकात वाचलं, की शास्त्रज्ञ प्रथिनांचे स्फटिक वाढवायला अंतराळात पाठवतात. तिथे द्रावणात घुसळण होत नाही, म्हणून स्फटिक मोठा आणि नितळ होऊ शकतो. त्यावरून प्रथिनाचा आकार कळतो आणि कुलूप पाहून किल्ली घडवावी तसं औषध शोधता येतं. मला हिंगोलीच्या विज्ञान प्रदर्शनात हेच मांडायचं होतं. प्रथिनं कुठून आणणार? मी तुरटी घेतली, तिचेही स्फटिक वाढवता येतात.

आमचं घर कनेरगाव नाक्याला, रस्त्याला लागून. वाशिमकडे ट्रक निघाला की मांडणीवरची भांडी वाजायची. दोनदा तुरटीचं पाणी बरणीत ठेवलं, दोनदा तळाशी नुसता चुरा. प्रदर्शनाला पंधरा दिवस उरले आणि मी रडकुंडीला आले.

"रडून काय व्हनार? अंडी आपन कशात ठेवतो?" आई म्हणाली, आणि तिने बरणी गळ्यापर्यंत कणगीतल्या ज्वारीत पुरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सूप घेऊन कणगीपाशी गेली आणि तशीच उभी राहिली.

"सपने, आधी दोन पायल्या काढून घ्यायच्या व्हत्या."

घरात दुसरी ज्वारी नव्हती. बरणी हलली की पहिले पाढे पंचावन्न. मग पंधरा दिवस भात. भाकरीशिवाय आईला जेवल्यासारखंच वाटत नाही. कापूस वेचून यायची, ताटाकडे वैऱ्यासारखी बघायची आणि जेवायची. कणगीजवळून जाताना मात्र टाचा उचलून, चवड्यांवर चालायची.

प्रदर्शनाच्या सकाळी चिंचोक्याएवढा नितळ स्फटिक निघाला. मला दुसरा नंबर मिळाला. पहिला का नाही, याचा राग अजून आहे. आईने संध्याकाळी एवढंच विचारलं, "आता काढू का ज्वारी?" त्या दिवशी तिने चार भाकरी खाल्ल्या.

२००७ साली मी हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत प्रथिनांच्या स्फटिकांवरच काम करत होते. आई भेटायला आली तेव्हा तिला ती खोली दाखवली. जड टेबलं, त्यांवर बंद पेट्या.

"ह्यातच वाढून राहिले बघ. टेबलाला धक्का लागत न्हाई," मी म्हणाले.

"ज्वारी न्हाई व्हय इथं?"

मी हसत पुढे निघाले. मागे पावलांचा आवाज येईना, म्हणून वळले. साठीची, गुडघे दुखणारी माझी आई टेबलांमधून चवड्यांवर चालत येत होती. आमच्या चालण्याने त्या टेबलांना काही होत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मीही टाचा उचलल्या.