बाबांना विचार, आईला विचार

दोन हजार सात-आठच्या सुमाराला वसईतल्या एका छोट्या कंपनीत मी वेबसाइटचे कंट्रोलर लिहायचे. कंट्रोलर म्हणजे मधला. ब्राउझरकडून रिक्वेस्ट आली की ती घ्यायची, डेटाबेसला विचारायचं, मिळालेलं उत्तर पानात बसवून परत पाठवायचं. त्याचं स्वतःचं म्हणणं काही नसतं. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. नालासोपाऱ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी तेच करत होते.

बाबांनी नंदाखाल गावातली आमची वाडी आईला न विचारता विकली आणि हा फ्लॅट घेतला. तेव्हापासून आईने बोलणं टाकलं. मग बाबाही हट्टाला पेटले. "बाबांना सांग, पानी आलंय, मोटर लावा." "आईला विचार, चहा मिळेल का?" अहो, एकाच खोलीत बसून! डोकं फिरायचं माझं.

ऑफिसात सुरुवातीलाच मी एक घोळ घातला. लॉगिन न केलेल्या माणसाला लॉगिनच्या पानाकडे पाठवा, असं सगळ्या कंट्रोलरना सांगून ठेवलं, खुद्द लॉगिनच्या कंट्रोलरलासुद्धा. झालं! तोही आलेल्याला पुन्हा लॉगिनकडेच धाडायला लागला. ब्राउझरने थोड्या फेऱ्या मारल्या आणि सरळ हात टेकले. "अगं बाई, माणसाने आत शिरायचं कुठून?" आमचा टीमलीड पोट धरून हसला. एका ओळीत दुरुस्त झालं ते.

मग मला बंगळूरची नोकरी चालून आली. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता. मला जायचं होतं, काय वाट्टेल ते झालं तरी जायचं होतं. या घरात पहिल्यांदाच मी कुणाचा निरोप पोचवायला नाही, तर माझं स्वतःचं विचारायला बाबांपुढे उभी राहिले.

"आईला विचार," पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले.

आई स्वयंपाकघरात वाल सोलत होती. "या घरातलं मी ठरवते होय? बाबांना विचार."

पुन्हा बाबा. पुन्हा आई. रडू यायला लागलं मला, संतापाने. "मी चालले," एवढंच तर म्हणायचं होतं, कुणालाही न विचारता. पण तोंड उघडलं की एकच यायचं मनात, मी गेले तर ही दोघं कधीच बोलणार नाहीत. शुक्रवार तसाच गेला.

शनिवारी दुपारी आईने ताटं मांडली. बाबा हाताच्या अंतरावर बसले होते.

"बाबांना सांग, जेवण वाढलंय."

मी सांगितलं.