कुंझुमची चिंधी

लीलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात सायकलला हवा भरत होते. फोन तिच्या सुनेचा होता, दोन गल्ल्या पलीकडून. "मावशी, आई दुपारी जेवून पडल्या, त्या उठूनच नाही राहिल्या..." एवढंच बोलून ती रडायला लागली. मी पंप खाली ठेवला. मग काय करावं ते सुचेना म्हणून तो पुन्हा उचलला आणि पुढच्या चाकातही हवा भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी बोरगावपर्यंत जाऊन येणार होतो. मी तिच्याकडे चालतच गेले. तिची सायकल ओसरीत भिंतीला टेकलेली होती आणि लोक तिच्या कॅरिअरवर चपलांच्या पिशव्या ठेवत होते.

भेटायला येणारा प्रत्येक तिसरा माणूस तेच म्हणत होता : या वयात कायले पाहिजे होती सायकल? सायकलीनंच नेलं. मला राग आला होता, अजून आहे. एकाहत्तर वर्षांची बाई जेवून, ताट घासून, स्वतःच्या खाटेवर झोपेत गेली, यात सायकलीचा काय गुन्हा? आमच्या सौसरमध्ये सायकल न चालवणारी माणसं अमर आहेत असं मी तरी ऐकलेलं नाही. उलट सायकल नसती तर ती दहा वर्षं आधी गेली असती, आणि बहुधा तिच्या पाठोपाठ मीही.

लीलाताई आमच्या भागात नर्स होती. सगळे तिला 'सिस्टर' म्हणत, मी शाळेत मास्तरीण असल्यामुळे मला 'मॅडम' म्हणत. लसीचा डबा कॅरिअरला बांधून ती गावोगाव फिरायची. आमच्या शाळेत लस द्यायला आली की पोरं बाकाखाली लपायची आणि मी त्यांना ओढून काढायची, तिथून आमची मैत्री. काही वर्षं तिची बदली पांढुर्ण्याला होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत, म्हणजे तिथल्या दोन गावांच्या दगडफेकीच्या खेळात, फुटलेली डोकी बांधता बांधता ती त्या गड्यांना म्हणायची, "दगड फेकाले दम आहे, अन् पोरीले डोज द्यायले आणा म्हटलं तर टाइम नाही." भली भली माणसं मान खाली घालून बँडेज बांधून घेत.

निवृत्त झाल्यावर बायका देवदेव करतात, नातवंडं सांभाळतात. तिनं बुद्धविहाराच्या वर्गणीचं काम पाहिलं, नातवंडंही सांभाळली, आणि एक दिवस माझ्या दारात गिअरची सायकल घेऊन उभी राहिली. "जिंदगीभर डोंगराच्या या बाजूनंच फिरली वं कुंदा. पलीकडं काय आहे ते पाहू." मी त्या वर्षी नुकतीच निवृत्त झाले होते आणि घरात बसून यजमानांशी भांडण्याशिवाय मला काम नव्हतं. मी हो म्हटलं. सिल्लेवानीच्या घाटात आमचा सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी मी दुसऱ्या वळणावर सायकल आडवी टाकून रस्त्याच्या कडेला बसले. ती म्हणाली, "बस. पण तोंड वरच्या बाजूले करून बस."

तिचा एक नियम होता. नोकरीतली जुनी पांढरी साडी फाडून तिनं चिंध्या केल्या होत्या. जो चढ आपल्या पायांनी चढला, त्याची एक चिंधी हँडलला बांधायची. दमलं तर उतरून सायकल ढकलत नेली तरी चालेल, पण गाडीत बसलं की त्या चढाची चिंधी नाही. सिल्लेवानीची एक झाली, पचमढीची दुसरी. मग आम्ही सायकली रेल्वेत लगेजच्या डब्यात टाकून दिल्ली आणि तिथून बसच्या टपावर बांधून मनाली गाठलं. आमच्या यजमानांनी स्टेशनवरच सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "मनालीहूनच वापस येते पाहा." रोहतांगला आम्हाला दोन दिवस लागले. अर्ध्याहून जास्त वाट ढकलतच गेलो, पण गेलो. तिसरी चिंधी बांधताना माझी बोटं थंडीनं वळत नव्हती, ती तिनंच बांधून दिली.

मग कुंझुम. इथून पुढचं मी आजवर खोटं सांगत आले आहे, म्हणून नीट लिहिते. कुंझुमची खिंड रोहतांगच्या पुढे, पंधरा हजार फुटांच्या आसपास आहे आणि रस्ता म्हणजे नुसते गोटे. शेवटची चार-पाच वळणं उरली असताना माझं डोकं फुटायला लागलं, दोनदा उलटी झाली आणि मी काहीतरी असंबद्ध बोलायला लागले. तिनं माझी नाडी पाहिली, डोळे पाहिले. खाली जाणारी गाडी नव्हती. वर जाणारा एक ट्रक आला, खिंड ओलांडून पलीकडे लोसर गावात उतरणारा. ती स्वतः ठणठणीत होती. ट्रकवाला तिला म्हणालासुद्धा, "माताजी, आप आराम से चढ़कर आ जाओ, इनको मैं नीचे छोड़ दूँगा." तिनं दोन्ही सायकली ट्रकात चढवल्या आणि माझ्या शेजारी बसली. "पेशंट सोडून नर्स कुठं जाते का?" खिंडीच्या माथ्यावर देऊळ आहे, गाड्या त्याला फेरी घालून पुढे जातात. ट्रक थांबला तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, उतरून पाहा. तिनं काचेतूनच पाहिलं. "आपण चढलो नाही न. मंग कायले उतरायचं?"

लोसरला एका बाईंच्या घरी आम्ही तीन दिवस राहिलो. माझं डोकं दुखायचं थांबेपर्यंत लीलाताईनं त्यांच्याबरोबर बसून टोपलंभर वाटाणे सोलले आणि त्यांच्या शेगडीवर सोबत नेलेल्या पिठाची ज्वारीची भाकर थापून दाखवली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी हसणं थांबत नव्हतं. मी पांघरुणात पडून ऐकत होते. तीन दिवसांत एकदाही ती म्हणाली नाही की तुझ्यापायी माझी खिंड गेली.

आम्ही परत आलो तर पांढुर्ण्यात आमचा सत्कार ठेवलेला. हार घालून सायकली मंचावर उभ्या करणार होते. त्या दिवशी सकाळी मी माझ्या हँडलला चौथी चिंधी बांधली. का बांधली? समोरच्या रांगेत माझी जुनी शाळा बसणार होती, आणि यजमान बसणार होते. एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. लीलाताईनं माईक हातात घेतला आणि सरळ सांगितलं, "कुंझुम मी चढली नाही. शेवटचे वळणं ट्रकनं गेली." सभा थोडी हिरमुसली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "हिचं हिले विचारा." माईक माझ्याकडे आला आणि मी म्हणाले, "मी चढले." टाळ्या पडल्या. मंचावर तिच्या सायकलीला तीन चिंध्या होत्या आणि माझ्या सायकलीला चार. लोकांनी त्या मोजल्या असणार.

परतीच्या बसमध्ये मी तिच्या बोलण्याची वाट पाहत होते. ती बोलली ती नारळाबद्दल, "दोन नारळ झाले, चटणी करून टाकू." घरी पोचल्यावर तिनं माझ्या हँडलकडे पाहिलं, वाकली, आणि ती चौथी चिंधी सोडून पुन्हा बांधली. "सैल बांधली तुनं. रस्त्यात पडून जाईन." ती शिव्या देती तर मी रडून मोकळी झाले असते... तिनं माझं खोटं घट्ट बांधून दिलं आणि चहा टाकायला आत गेली.

याहून वाईट पुढेच आहे. दर उन्हाळ्यात ती विचारायची, "कुंझुमले जाऊ न यंदा?" आणि मी म्हणायची, "तिथलं तर झालं ताई, दुसरं काही पाहू." तिथलं झालं! माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत हलकट वाक्य हे आहे. तिचं कुठं झालं होतं? आम्ही दुसरीकडे गेलो, खूप फिरलो, तिच्या हँडलला चिंध्या वाढत गेल्या. कुंझुमची राहिली, कारण तिच्यासोबत पुन्हा त्या वळणांवर उभं राहायची माझी छाती नव्हती. एकटी जा म्हटलं असतं तर ती गेलीही असती, पण मी तेही म्हटलं नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, तो सत्कार ठेवणारे निवृत्त हेडमास्तर बोलायला उभे राहिले. चांगलं बोलले. शेवटी म्हणाले, "कुंझुम सिस्टरला जमली नाही, ती आपल्या मॅडम चढल्या. पण सिस्टरनं मैत्रिणीचा कधी हेवा केला नाही." मी जागेवरून उठले आणि जे झालं ते सगळं सांगितलं. माझा आवाज फाटत होता. संपल्यावर हेडमास्तर माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बसा मॅडम. दुःखात माणूस आपलं श्रेयसुद्धा देऊन टाकते. मोठं मन आहे तुमचं." आजूबाजूच्या बायकांनी माना हलवल्या. कुणीतरी पाणी आणून दिलं. खोटं बोलले तेव्हा टाळ्या मिळाल्या, आणि खरं बोलले तेव्हा मोठ्या मनाची ठरले!

म्हणून हे छापायला देते आहे. यजमान काल म्हणाले, "अवं, कोनाले माहीत आहे? आता कायले सांगून राहिली?" मी म्हटलं, तिला माहीत होतं. ते हळूच म्हणाले, "मलेबी तवाच थोडा शक आला होता." चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी पहिल्यांदा वेळेवर तोंड बंद ठेवलं होतं, आणि ते माझ्यासाठी. तर वाचकहो, शोक म्हणून नाही, मोठं मन म्हणून नाही, शुद्धीवर राहून लिहिते : कुंझुम मी चढले नाही. लीलाताई चढू शकत होती, आणि माझ्यासाठी ती ट्रकात बसली.

तिच्या मुलानं तिची सायकल मला दिली. दोन्ही सायकली आता माझ्या अंगणात उभ्या असतात. परवा मी माझी चौथी चिंधी सोडली. बँडेजची गाठ होती ती, कितीही ओढली तरी घट्टच होणारी. पण एकच टोक धरून उलटं खेचलं की सुटते, हे तिनंच मला शिकवलेलं. ती चिंधी धुतली, वाळवली आणि तिच्या सायकलीच्या पिशवीत ठेवली. बर्फ वितळून कुंझुमचा रस्ता उघडला की मी ती सायकल घेऊन जाणार आहे. माझा मुलगा नको म्हणतो, डॉक्टर पाहू म्हणतात, मी तिकीट काढलं आहे. या वेळी दोन दिवस खाली थांबून मगच चढेन, तिनं सांगितलं असतं तसं. सगळी वळणं ढकलत न्यावी लागली तरी नेईन, आणि माथ्यावर ती चिंधी तिच्या हँडलला बांधीन. सायकल तिची, पाय माझे. हे नियमात बसतं की नाही मला माहीत नाही. बसत नसेल, तर उठून भांडायला ये म्हणावं.