गायमुखच्या चढावर नाऱ्या बोलतो

आधी कबूल करा, मध्येच हसणार नाही. कबूल? मग सांगतो. आणि शपथेवर सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. गाडी लाल होती. म्हणजे… चॉकलेटी होती. पण स्पोर्ट्स कार चॉकलेटी म्हटली की ऐकणाऱ्याचा मूडच जातो, म्हणून लाल. बाकी सगळं खरं. बरंचसं.

गाडी माझी नव्हे हो! मी डोंबिवलीचा. आमच्याकडे माणसाला सरळ उभं राहायला जागा नाही, गाडी काय खिशात ठेवू? गाडी नाऱ्याची. नारायण, राहणार कोलशेत. तिथल्या रंगाच्या कारखान्यात आम्ही दोघं एकत्र चिकटलो, आणि कारखान्याला टाळं लागलं तेव्हा एकत्रच सुटलो. मी सुटलो तो घरी बसलो. नाऱ्याच्या बापाचं भाताचं शेत होतं, त्यावर टॉवर उभा राहिला, आणि नाऱ्यानं गाडी घेतली. दोन सीटची. इतकी बुटकी, की आत बसायचं म्हणजे आधी लोटांगण घालायचं.

"बापानं जिथं चिखलात बैल हाकलं ना, तिथंच माझं पार्किंग हाय," असं नाऱ्या हसत सांगायचा. सांगून झालं की त्या पार्किंगच्या फरशीकडे जरा वेळ बघत राहायचा.

आता, गाडी घेऊन गप्प बसेल तो नाऱ्या कसला? त्यानं ती ट्यून करायला काढली. डोंबिवलीच्या एमआयडीसीत साने नावाचा एक इंजिनियर आहे. त्याचं म्हणणं, कंपनीतून येतं ते इंजिन म्हणजे हॉस्टेलचं वरण, सगळ्यांना चालावं म्हणून पाणी घातलेलं. त्यानं लॅपटॉप जोडला, टर्बोचा दाब वाढवला, ठिणगी थोडी आधी पडेल अशी केली. इंजिन ठोकायला लागलं तर त्याला सांभाळून घेणारा एक सेन्सर असतो, तोसुद्धा नाऱ्याच्या हट्टापायी गप्प केला.

"आता हिला शंभर ऑक्टेनचंच पेट्रोल," साने म्हणाला. "साधं घातलंत तर माझ्याकडे रडत येऊ नका."

झालं! तिथून आमचा वाद सुरू झाला, तो नाऱ्या असेपर्यंत संपला नाही.

"पेट्रोल ते पेट्रोल!" मी म्हणायचो. "शंभर काय नि साधं काय, जळायचं तेच जळतं. शंभरात ताकद जास्त असते ही पंपवाल्याची थाप आहे."

"थापाड्या, तू स्कूटरवाला, तुला नाय कळायचं. ताकद नाय रे ती, दम! ऑक्टेन म्हंजे पेट्रोलचा दम. कितीबी दाबलं तरी ठिणगी पडेस्तोवर थांबतं ते. साध्याला दम नसतो. दाब आला का आधीच पेटतं नि आतून ठोकाया लागतं. तुझ्यासारखं."

"माझ्यासारखं?"

"समोरच्याचं बोलणं संपायच्या आत पेटतोस ना तू?"

"अरे पण—"

"बघ. पेटला!"

असा माणूस. आणि तो एका सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता गेला. आयुष्यभर शंभर ऑक्टेनचा तोरा मिरवला, आणि दम मात्र साध्याचा निघाला.

दहाव्याला आम्ही कोलशेतच्या खाडीवर. पिंड ठेवला. कावळे? भरपूर! समोरच्या तिवरांवर नुसती सभा भरलेली. पण पिंडाला एकही शिवेना. थोरला भाऊ हात जोडून म्हणाला, "नारायणा, आईला मी बघीन." कावळे ढिम्म. मुलगा म्हणाला, "बाबा, शिक्षण पूर्ण करीन." एका कावळ्यानं मान फिरवली, बस. भटजी घड्याळ बघायला लागले. ऊन वर आलेलं. रंजनावहिनी, म्हणजे नाऱ्याची बायको, पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघवेना.

आणि मी पेटलो. सगळ्यांच्या पुढे जाऊन ओरडलो, "नाऱ्या, तुझी गाडी मी बंद पडू देणार नाही! दर रविवारी येऊन चालवीन!"

खाडीची शपथ, तो कावळा असा आला, असा आला, की पिंडाबरोबर पानही घेऊन गेला!

मागून कोणीतरी म्हणालं, "ह्यातच जीव अडकलेला बघ त्याचा." आणि माझ्या गळ्यात गाडी पडली.

पहिल्या रविवारी वहिनी म्हणाल्या, "भावजी, मीपण येते. ह्यांचा जीव त्यात होता, बघू तरी." निघालो. दोन सीटची गाडी, शेजारी मित्राची बायको, आणि गाव कोलशेत! कोणी काहीच कसं बोललं नाही, असं आलं ना तुमच्या मनात? येऊ द्या. चहा घ्या, गार होतोय.

वर्तकनगरला पंपावर थांबलो. पंपवाल्यानं विचारलं, "सादा की सौवाला?"

"सादा," मी ऐटीत म्हटलं. मेलेल्या माणसाशी वाद जिंकणं किती सोपं असतं!

घोडबंदर रोडनं गायमुखच्या चढाला लागलो. मी आपला पाचव्या गियरमध्ये, स्कूटरवाल्याला गियर बदलायचा आळस. ॲक्सिलरेटरवर पाय जरा दाबला, आणि पुढून आवाज आला. टकटक… टकटकटक. पत्र्याच्या डब्यात चिंचोके हलवावेत तसा.

"भावजी, काय वाजतंय?"

आता सरळ सांगायचं ना, की वहिनी, मी साधं पेट्रोल घातलंय, नाऱ्यानं सांगितलं होतं की ठोकतं, आणि ते ठोकतंय? पण मित्राचं म्हणणं खरं होतं असं कबूल करायचं, तर मी त्याचा मित्र कसला? माझ्या तोंडातून निघून गेलं, "नाऱ्या आहे."

वहिनींनी पुढे वाकून हात डॅशबोर्डवर ठेवला. मांजराच्या पाठीवर ठेवावा तसा, अलगद.

मग काय! दर रविवारी गायमुख. चढ लागला की वहिनी प्रश्न विचारणार.

"धाकट्याला परदेशी जायचंय. पाठवू का?"

मी पाचव्या गियरमध्येच दाबायचो. टकटक. म्हणजे हो. पाय काढला की इंजिन गप्प. म्हणजे नाही. मी मनाशी म्हटलं, नाऱ्याच्या पोराचं मी काही वाईट करणार आहे का? हळूहळू गाडी हाकता हाकता मी अख्खं घर हाकायला लागलो. सोसायटीत कमिटीवर उभं राहू का? नाही. हॉलला पिस्ता रंग द्यायचा? हो.

बातमी पसरली. नाऱ्याची म्हातारी आई हटून बसली, "माज्या पाटल्या त्यानं कुठं ठेवल्यान, ते इचार."

"आई, तो फक्त हो-नाही बोलतो."

"मंग एक एक जागा सांग त्याला! त्याला काय घाई हाय आता?"

सांगितल्या हो! कपाट, माळा, देव्हाऱ्यामागे, तांदळाचा डबा. तांदळाच्या डब्यावर माझा पाय चुकून पडला आणि टकटक झालं. घरी जाऊन बघतो तर पाटल्या तांदळात! त्या दिवसापासून म्हातारी गाडीला नैवेद्य दाखवायला लागली. बॉनेटवर, केळीच्या पानात.

आणि मध्येच सान्याचा फोन.

"काका, गाडी ठोकतेय म्हणे? साधं घातलंय का?"

"छे छे!"

"काका."

"जरासं."

"ऐका. टाकी रिकामी करा, शंभर भरा, आवाज बंद होईल. नाहीतर एक दिवस पिस्टन जाणार, लिहून ठेवा."

आता बघा माझी पंचाईत. शंभर भरलं तर नाऱ्या गप्प होणार. साधं भरलं तर गाडी मरणार, म्हणजे कावळ्यासमोर दिलेला शब्द मोडणार. बोलता नाऱ्या हवा, की चालती गाडी? पंपावर पोचेपर्यंत ठरवलं होतं, शंभर. खरंच ठरवलं होतं. पंपवाल्यानं नळी हातात घेऊन विचारलं, "कौनसा, साहब?" आणि मी म्हटलं, "सादा." एकच रविवार अजून, असं मनाला सांगितलं. हा एकच.

गायमुखचा चढ लागला. त्या दिवशी वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "शेवटचं बोलावलंत, चल चक्कर मारून येऊ म्हणालात. मी पुढच्या रविवारी म्हटलं. रागावून गेलात का?"

इथे 'नाही' हवं होतं. नुसता पाय काढायचा होता, बाकी काही नाही! पण नेमका तेव्हाच मागून टँकरनं भोंगा वाजवला. मी दचकलो, आणि काढायचा तो पाय पुरता खाली गेला. टकटकटकटकटक! हो, हो, हो, हो करत इंजिन किंचाळलं, एक धाडकन आवाज झाला, मागे धुराचा लोट, आणि गाडी घाटात उभी.

अख्खा घोडबंदर रोड तुंबला. ट्रॅफिक हवालदार घामाघूम होत आला. "काय झालं?"

"गेला," मी म्हटलं.

"कोण?"

मी बोटानं बॉनेट दाखवलं. त्यानं आधी माझं तोंड हुंगलं, मग टोइंगवाल्याला फोन केला.

सान्यानं इंजिन उघडून पिस्टन माझ्या तळहातावर ठेवला. मधोमध भोक. त्यातून बोट आरपार जात होतं. माणूस हार्टनं गेला होता, त्याचं उरलंसुरलं मी साध्या पेट्रोलनं संपवलं.

आता, सुरुवातीला शपथ घेतली होती. गाडीच्या रंगाचं तिथेच सांगून टाकलं. दुसरं एक राहिलंय.

रंजनावहिनी त्या गाडीत कधी बसल्याच नाहीत. नाऱ्या होता तेव्हाही नाही. "पाय पसरून भुईवरच बसायचं, तर घरात काय वाईट?" म्हणायच्या. शेजारची सीट रिकामी असायची. म्हणून तर गाव काही बोललं नाही! धाकट्याचं परदेश, म्हातारीच्या पाटल्या, बॉनेटवरचा नैवेद्य, सगळं मी रचलेलं. शेवटचा प्रश्न तेवढा खरा. तो वहिनींचा नव्हता. चल चक्कर मारून येऊ म्हणून नाऱ्यानं शेवटचा फोन मला केला होता.

पिस्टन घेऊन कोलशेतला गेलो. वहिनींच्या पुढे ठेवला, मान खाली घातली. म्हटलं, "वहिनी, मी साधं घालत होतो."

"मना माहीत हाय, भावजी. हे सांगायचे ना, साधं घातलं का ठोकते. खाली पार्किंगात वळताना ऐकू यायचं मना वरती."

"मग एकदा तरी बोलायचं होतंत!"

त्यांनी पिस्टन हातात घेऊन फिरवून बघितला. "गाडीतनं उतरायचा तवा तुमचं तोंड जरा बरं दिसायचं," म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

सान्यानं इंजिन पुन्हा बांधलं. आता मी शंभरच भरतो. वर्तकनगरचा पंपवाला हल्ली विचारतसुद्धा नाही. दर रविवारी गायमुखच्या चढावर पाचव्या गियरमध्ये मी दाबून बघतो, थोडं, मग अजून थोडं.

टक नाही की टुक नाही. गाडी कशी लोण्यासारखी चढते.

वाद शेवटी नाऱ्याच जिंकला.