सेल उतरल्यागत आवाज

दुपारी लाईट गेली, पिठाची गिरणी थांबली, म्हणून आम्ही नवराबायको पोराची कॅसेट ऐकत बसलो. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

पोरगा पुण्याला कारखान्यात होता. सुट्टीच्या दिवशी चार दोस्त मिळून वाजवायचे, हा गायचा. दिवाळीला धारूरला घरी आला तेव्हा कॅसेट ठेवून गेला, पण दळणाच्या गडबडीत ती ऐकायची राहिली होती. वर काळं चित्र, हाडंच हाडं. त्यानं आईला समजावून सांगितलं होतं, "परदेशात आमच्या आधी काही पोरं असलं वाजवायची. कॅसेट कंपनीवाले त्यांना दारात उभं करंनात. एका कॅसेटवरून दुसरी भरायची अन् हातोहात द्यायची. आता सगळे गुळगुळीत वाजवायलेत. आमी मुद्दाम त्यांच्यावानी खरबडीत वाजवलं. त्यांचा मान म्हणून."

"म्हंजी पितराला घास ठेवल्यावानी," ती म्हणाली.

"जिते हायत गं ते."

"मग जित्यापणीच पितरं काहून करायलास त्यांची?"

तो लई हसला होता.

दिवाळीनंतर तिचा दमा वाढला. पुण्याला जायचं बळ राहिलं न्हाई. पोराचा आवाज ऐकायचा, एवढंच तिनं धरून ठेवलं होतं.

टेप लावला तर विहिरीच्या तळातून रेडा वरडल्यासारखा आवाज.

"अवं, सेल उतरलेत. गाणं जड पडायलंय."

मी दुकानातून नवे सेल आणून घातले. रेडा तोच. मी म्हणालो, "गाणं हाय का गळा दाबायलेत कुणाचा?"

"गप बसा. ऐकू द्या."

तिनं टेपला कान लावला. गिरणीत जन्म गेला तिचा. मोटर, पट्टा, दगड सगळं एकदम चालू असलं तरी दारातल्या बाईचं बोलणं तिला कळायचं. मला जवळचंसुद्धा कळत न्हाई. एक बाजू संपली. दुसरी लावली. मधेच तिनं हात वर केला.

"हा आपला. पट्ट्याच्या आवाजात 'आई, जवार कुणाची' म्हणून वरडायचा न्हाई का? तसाच पोटातून वरडायलाय."

मला काही कळलं न्हाई. मी हां म्हणालो.

"ऐकू न येता हां म्हणता. जन्मभर हेच केलं तुमी."

हसता हसता तिला खोकला लागला. तेवढ्यात लाईट आली. दळणाचे डबे पडून होते. ती म्हणाली, पाठ टेकते जरा. मी गिरणी चालू केली. दिवे लागायच्या सुमाराला आत गेलो तर ती गेलेली. अंग गार पडत आलं होतं. तिनं हाक मारली असंल तर मला ऐकू आली न्हाई.

शेजाऱ्यानं फोनच्या बूथवरून कारखान्यात निरोप दिला. पोरगा निघाला म्हणाले.

सकाळी भावकी जमली. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, पुणं का जवळ हाय? ऊन चढायच्या आत उचलू."

"न्हाई."

"माणसं खोळंबलीत की."

"खोळंबू दे. ज्याला घाई हाय त्यानं घरी जावं. पोरगा आल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई तिला."

चुलतभाऊ तोंडातल्या तोंडात काही बोलला. मी पायात चप्पल घातली आणि एसटी स्टँडवर जाऊन उभा राहिलो.