पाचव्या कहाणीची शेवटची चार पानं

शहरात न्यायची माझी शेगडी टेम्पोत चढली, गादी चढली, तरी आम्ही दोघी बहिणी माडीवर पुस्तकातच. खालून अण्णा म्हणाले, "परीराज्यातनं उतरा आता. ड्रायव्हर काय तुमच्या राक्षसाला भीत नाही."

पुस्तक जेमतेम नव्वद पानांचं. जादूगारांच्या ज्या चार जाडजूड कादंबऱ्यांवर आम्ही शाळेपासून जीव टाकला, त्यांतली माणसं लहानपणी ज्या कहाण्या ऐकतात, त्या पाच कहाण्यांची ही पुरवणी. कादंबऱ्यांत लढायाच लढाया. इथे एक म्हातारी आपली सावली वाळत घालते आणि काढायला विसरते, बस्स. मला हेच जास्त आवडायचं. आई श्रावणात शुक्रवारची कहाणी सांगते, तशाच आम्ही या वाचायचो: मुठीत तांदूळ, एकीनं वाचायचं, दुसरीनं हुंकार द्यायचा. नियमही आईचाच. अर्धी कहाणी टाकून उठू नये.

पाचवी अर्धीच राहिली. तीत गाव सोडणाऱ्या मुलीला वेशीवर चेटकीण अडवते. जा, म्हणते, पण मागचं जे पहिल्यांदा विसरशील, ते माझं. एवढ्यात हॉर्न वाजला. ताईनं पुस्तक माझ्या पिशवीत कोंबलं. पुढचं तू आल्यावर, एकटी वाचलीस तर बघ, असं बजावलं.

मी एकटीच वाचलं. शहरात, खांदेश्वरच्या भाड्याच्या खोलीत, पहिल्याच रविवारी. चारच तर पानं. ती मुलगी शहरात रोज सकाळी मागच्या गोष्टींची यादी म्हणते: विहीर, तुळस, गाय, उंबरा. बहिणीचं नाव त्या यादीत ती घालतच नाही. बहिणीला कोण विसरेल? कहाणी तिथेच संपते. अंगावर काटा आला आणि मी चक्क खूष झाले. असा शेवट लिहायला छाती लागते.

मग महापेतली नोकरी, डेडलाइन, सोसायटीचे मेसेज. रोजचा फोन रविवारवर आला. गावी ताईच्या किडन्या निकामी होत चालल्या होत्या. ती फोनवर दर वेळी पुढची कहाणी मागायची. मी "आल्यावर वाचू" म्हणायचे.

एका रविवारी मी फोन करायचाच विसरले. सोमवारी तिचाच आला. "बाईसाहेबांना आज सवड आहे ना? मग वाच. चारच पानं राहिलीत."

रेंज नाही, आल्यावर नक्की, असं मी काहीतरी पुटपुटले.

"म्हणजे शेवट वाईट आहे."

इतक्या परीकथा वाचलेली मी; एखादा खोटा शेवट सहज रचता आला असता. सुचला नाही.

"बरं," ती म्हणाली. "जेवून घे."

गुरुवारी ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर आई थोडे दिवस माझ्याकडे आली. तिनं ते पुस्तक पाहिलं. ताई कशाची वाट बघत होती, ते तिला ठाऊक होतं. मी पान काढलं, तर तिनं त्यावर हात ठेवला.

"नको. तिला जे कळलं नाही, ते मला नको."

तुमच्यातलं कुणी गाव सोडून गेलं असेल, कुणी मागे राहिलं असेल. घर कुठलं, असं तुम्हालाही विचारत असतील. मी अजून गावाचंच नाव सांगते. त्या घरात तो शेवट कुणालाच ठाऊक नाही. म्हणून ते घर आहे, आणि म्हणूनच तो शेवट घेऊन तिथे पाऊल टाकायची मला भीती वाटते.